पोगाचार जिंकतो, पैसा कुणाच्या खिशात जातो?

मधलीकडी

हिशेबाचा प्रश्न आहे. २०२५ ची टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत स्लोव्हेनियाच्या तादेय पोगाचारने चौथ्यांदा जिंकली. पिवळ्या जर्सीचं, म्हणजे एकूण विजेत्याचं, बक्षीस ५ लाख युरो. युरो शंभर रुपयांचा धरला तर पाच कोटी. आयपीएलच्या लिलावात यापेक्षा मोठी बोली मधल्या फळीतल्या फलंदाजालाही लागते. इथे तर तीन आठवडे, ३,३०० किलोमीटर, आल्प्स आणि पिरेनीज. शिवाय रस्त्याच्या कडेला उभं राहून बघायला तिकीट नाही, म्हणजे गेटचा गल्लाही नाही.

मग एवढ्या मोठ्या खेळाडूवर खरं कमावतं कोण? तो स्वतः, संघ, सायकल कंपनी की शर्यतीचा आयोजक? बातम्यांत पगार, बक्षीस आणि संघाचं बजेट सगळं एकत्र कालवलेलं असतं. जरा सुटं करून सांगाल का?

ताळेबंद

आधी बक्षीस बाजूला काढू, कारण सगळ्यात जास्त चर्चा त्याचीच होते आणि सगळ्यात कमी पैसा तिथेच असतो.

संपूर्ण टूरची बक्षिसं मिळून सुमारे २३ लाख युरो होतात, आणि ती २३ संघांच्या १८४ स्वारांत विभागली जातात. पहिल्याला ५ लाख, दुसऱ्याला २ लाख, तिसऱ्याला १ लाख. एक टप्पा, म्हणजे एका दिवसाची शर्यत, जिंकला की ११ हजार. एकूण वेळेत पुढे असल्याची पिवळी जर्सी अंगावर असेल त्या प्रत्येक दिवसाचे ५०० युरो. डोंगर चढण्यात अव्वल ठरणाऱ्याच्या ठिपक्यांच्या जर्सीला शेवटी २५ हजार. पोगाचारने २०२५ मध्ये चार टप्पे आणि ठिपक्यांची जर्सीही घेतली. म्हणजे ५ लाख अधिक ४४ हजार अधिक २५ हजार, एकूण ५ लाख ६९ हजार. वर पिवळ्या जर्सीच्या दिवसांची आणि घाटमाथ्यांची चिल्लर.

ही रक्कम थेट त्याच्या खात्यात जात नाही. त्यातून खेळाडूंच्या संघटनेची आणि उत्तेजकविरोधी कामाची कपात होते, चाचण्यांचे निकाल येईपर्यंत पैसे थांबतात, आणि उरलेलं संघाच्या सामाईक पेटीत पडतं. तिथून शर्यतीतले आठ स्वार, मेकॅनिक, मालिशवाले यांच्यात वाटणी. जुना रिवाज असा की जिंकणाऱ्याने आपला वाटा सोडायचा किंवा नावापुरता घ्यायचा. नेत्याला आडोसा द्यायला घाटात तीनशे वॅटवर तासभर वारा अंगावर घेणाऱ्या सहकाऱ्याला त्या वाटणीतून जे मिळतं, तो त्याचा जुलैचा बोनस. जिंकणाऱ्याची कमाई वेगळ्या कागदावर असते.

चढउतार

तो वेगळा कागद म्हणजे करार. त्याचे तीन पदर असतात.

पहिला पदर पगार. वर्ल्डटूर या सर्वोच्च श्रेणीतल्या संघाच्या स्वाराला २०२५ मध्ये किमान ४४ हजार युरोंच्या आसपास वार्षिक पगार द्यावाच लागतो, हा तळ. माथ्यावर पोगाचार. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याने आपल्या यूएई संघाशी २०३० पर्यंतचा करार केला. वर्षाला सुमारे ८० लाख युरो आणि मुदतीआधी करार तोडायचा असेल तर २० कोटी युरो, असे आकडे छापून आले. संघाने ते अधिकृतपणे जाहीर केलेले नाहीत, तेव्हा अंदाज म्हणूनच धरा.

दुसरा पदर प्रतिमेच्या हक्कांचा. चेहरा आणि नाव जाहिरातीत वापरायचे पैसे बऱ्याचदा वेगळ्या करारात दाखवले जातात. कारण मुख्यतः कराचं. मोठे स्वार मोनॅकोत राहतात तेही त्यासाठीच (चढ चांगले आहेत हे मान्य, पण चढ स्लोव्हेनियातही आहेत). मोनॅकोत फ्रेंच नागरिक सोडून बाकीच्यांना वैयक्तिक प्राप्तिकर नाही.

तिसरा पदर वैयक्तिक प्रायोजकांचा, आणि इथे घासाघीस होते. संघाच्या करारात जर्सी, सायकल, हेल्मेट, चष्मा हे सगळं आधीच विकलेलं असतं. स्वाराकडे विकायला उरतं काय? बूट, घड्याळ, कधी हेल्मेट. पोगाचारचे डीएमटी बूट आणि मनगटावरचं रिशार मिल घड्याळ हे त्या उरलेल्या जागेतले सौदे. बेल्जियमचा स्वार वाउट व्हान आर्ट याच्या डोक्यावर संघाच्या हेल्मेटऐवजी रेड बुलचं चिन्ह दिसतं, तेही असंच. त्यासाठी संघाला आपल्या हेल्मेटवाल्या प्रायोजकाची समजूत काढावी लागते. करार करताना ही सूट आधी लिहून घेतली नाही की नंतर वाद होतो.

आता संघ. हे नीट समजून घेतलं की बाकीचं आपोआप उलगडतं. सायकलच्या संघाकडे स्वतःचं असं जवळजवळ काहीच नसतं. मैदान नाही, तिकीट नाही, आणि टीव्हीच्या हक्कांतला वाटाही नाही. टूरमध्ये उतरण्याबद्दल आयोजक प्रत्येक संघाला खर्चापोटी ५० हजार युरोंच्या आसपास देतो. हॉटेल, बस, ट्रक, वीसपंचवीस माणसं तीन आठवडे फिरवायची म्हटल्यावर ते कुठल्या कुठे जातात. बाकी सगळं प्रायोजकाच्या चेकवर. यूएईसारख्या संघाचं वार्षिक बजेट ५ कोटी युरोंच्या वर सांगितलं जातं. ते जवळजवळ पूर्ण तीनचार सह्यांवर उभं असतं.

म्हणून संघ मोडतात ते एका झटक्यात. जागतिक संघटना यूसीआय प्रत्येक संघाकडून बँक हमी घेते, साधारण तीन महिन्यांच्या पगाराएवढी. प्रायोजक पळाला तर स्वारांचे निदान तेवढे पैसे सुटतात. २०२२ च्या डिसेंबरात बी अँड बी हॉटेल्स संघ ऐन हंगामाच्या तोंडावर बंद पडला आणि स्वार रातोरात बेकार झाले. अशा संघाला मोठा तारा मिळाला म्हणून तिजोरी भरत नाही. त्याला फक्त पुढच्या प्रायोजकाच्या दारात ताठ मानेने जाता येतं.

मधलीकडी

@चढउतार, मग तारा सोडून दुसरीकडे गेला तर संघाला फुटबॉलसारखी भरपाई मिळते की नाही? आणि सायकल कंपनीचं कुणीच बोललं नाही.

चढउतार

फुटबॉलसारखी हस्तांतराची बाजारपेठ इथे नाही. स्वार करार संपेपर्यंत थांबतो आणि मोकळा होऊन जातो, हा सर्वसाधारण मार्ग. मध्येच जायचं असेल तर जुना संघ, नवा संघ आणि स्वार अशा तिघांची संमती लागते, आणि रक्कम बंद दाराआड ठरते. बेल्जियमचा रेमको एव्हनपूल कराराचं एक वर्ष शिल्लक असताना सौदाल क्विक-स्टेपमधून २०२६ साठी रेड बुल संघात गेला तो असाच. २० कोटींच्या कलमाचा अर्थ कुणी तेवढे मोजेल असा नाही. विचारायला येऊच नका, अशी ती पाटी आहे.

एक अप्रत्यक्ष फायदा मात्र संघाला नक्की होतो, तो गुणांचा. वर्ल्डटूरचा परवाना तीन वर्षांच्या गुणतालिकेवर टिकतो आणि त्यात संघातल्या पहिल्या २० स्वारांचेच गुण धरतात. एकट्या ताऱ्याने हजारो गुण आणले की परवाना पक्का, आणि परवाना पक्का तर टूरची जागा पक्की. २०२२ च्या अखेरीस इस्रायल प्रीमियर टेक आणि लोटो हे संघ खाली घसरले ते गुण कमी पडल्यामुळेच. टूरची खात्री नसलेल्या संघाला प्रायोजक शोधणं म्हणजे मुहूर्त ठरलेला नसताना मंगल कार्यालय बुक करायला सांगणं.

सुटाभाग

सायकल कंपनीचं मी सांगतो.

नियम असा की शर्यतीतली सायकल सामान्य माणसाला विकत मिळाली पाहिजे. चाचणीसाठीच्या नव्या मॉडेलला मुदत मिळते, पण ठरलेल्या काळात ते बाजारात आणावंच लागतं. फ्रेमवर यूसीआयच्या मान्यतेचं लेबल असतं आणि वजन ६.८ किलोच्या खाली चालत नाही. त्यामुळे पोगाचार टीव्हीवर जी चालवतो ती दुकानात पैसे मोजून मिळते. मोटार शर्यतीतल्या गाडीचं असं होत नाही. म्हणून सायकल कंपनीचा जाहिरातीचा पैसा इतर कुणाहीपेक्षा सरळ परत येतो.

कंपनी संघाला सायकली देते आणि वर रोख देते. एका स्वारामागे रस्त्याच्या तीनचार सायकली आणि टाइम ट्रायलच्या (एकेकट्याने घड्याळाशी धावायच्या शर्यतीच्या) दोन, शिवाय सुट्या फ्रेम, कारण पडापडीत कार्बनला तडा गेला की फ्रेम बाद. तीस स्वारांचा संघ म्हटल्यावर नुसतं सामानच केवढं होतं बघा. गिअरसंच आणि टायर यांचे सौदे वेगळे.

आता यूएई संघाची गंमत. सायकल कोल्नागोची. ही इटालियन कंपनी एर्नेस्तो कोल्नागो यांनी १९५४ मध्ये काढली. २०२० मध्ये तिचा मोठा हिस्सा अबू धाबीच्या किमेरा या गुंतवणूक कंपनीने घेतला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात पोगाचारने कोल्नागोला तिची पहिली टूर मिळवून दिली. जर्सीवरचं एक्सआरजी हे नाव अबू धाबीच्या सरकारी तेल कंपनीच्या गुंतवणूक शाखेचं, आणि एमिरेट्स ही दुबईची विमान कंपनी. म्हणजे एका खिशातून प्रायोजकत्व जातं आणि शेजारच्या खिशात सायकल कंपनीची किंमत वाढते. पोगाचारचा पगार हा संघाला खर्च दिसतो. अबू धाबीच्या बाजूने बघितलं तर त्यातला काही भाग कोल्नागोच्या भावात फिरून येतो. किती येतो ते बाहेरून मोजता येत नाही, पण ही मांडणी अपघाताने झालेली नाही एवढं नक्की.

ही युक्ती नवीन नाही. बर्नार तापी या फ्रेंच उद्योजकाने १९८४ मध्ये ला वी क्लेर संघ काढला आणि टूर जिंकलेल्या बर्नार इनोला आणलं. त्याच्या आदल्या वर्षी तापीने लूक ही स्कीची बाइंडिंग बनवणारी कंपनी घेतली होती. बूट अडकवून टाच वळवली की सुटणारं पेडल लूकने त्याच तंत्रावर काढलं, आणि १९८५ ची टूर इनोने तेच पेडल वापरून जिंकली. चामड्याचे पट्टे आवळायची पद्धत त्यानंतर काही वर्षांत मोडीत निघाली. तारा आपला, संघ आपला आणि पेडलही आपलं.

उलटा प्रकारही आहे. कधी सायकल कंपनीच ताऱ्यामागे जाते. स्लोव्हाकियाचा पीटर सागान टिंकॉफ संघातून २०१७ मध्ये बोराला गेला, २०२२ मध्ये टोटल एनर्जीजला गेला, आणि स्पेशलाइज्ड ही सायकल कंपनी दोन्ही वेळा त्याच्याबरोबर गेली. अशा वेळी ताऱ्याचा पगार सगळा संघ देत नाही, एक तुकडा सायकल कंपनी उचलते. तोटा संघाचा असा की तारा गेला की सायकलचा पुरवठाही जायची भीती. मग नवीन कंपनी, नवे गिअर, मेकॅनिकचा हिवाळा पुन्हा मोजमापं जुळवण्यात.

किलोमीटरचादगड

वरचं सगळं बरोबर, पण खरा मालक राहिलाच. एएसओ, म्हणजे आमोरी कुटुंबाची कंपनी. टूर तिची, पॅरिस-रूबे तिची, पॅरिस-नीस तिची, लिएज-बास्तोन-लिएज तिची, आणि २०१४ पासून वुएल्टा ही स्पेनची शर्यतही पूर्ण तिची. लेकिप हे क्रीडा दैनिकही त्याच घरचं.

तिची कमाई चार बाजूंनी. टीव्हीचे हक्क. जर्सींचे प्रायोजक: पिवळ्या जर्सीवर १९८७ पासून एकच बँक आहे, तिचं आजचं नाव एलसीएल. हिरव्या (गुणांच्या) जर्सीवर श्कोडा. तिसरी बाजू जाहिरातींच्या गाड्यांचा ताफा. तो १९३० पासून स्वारांच्या पुढे धावतो, आणि टोप्या, किल्लीच्या साखळ्या, सॉसेजची पाकिटं फेकणाऱ्या प्रत्येक कंपनीने त्यात जागा विकत घेतलेली असते. चौथी, टप्प्याची सुरुवात किंवा शेवट आपल्या गावी व्हावा म्हणून पैसे मोजणाऱ्या नगरपालिका. पहिल्या टप्प्याचा मान घ्यायचा तर रक्कम कितीतरी पट वर जाते. २०२२ ला कोपनहेगन, २०२३ ला बिल्बाओ, २०२४ ला फ्लोरेन्स या शहरांनी तो फुकटात घेतलेला नाही.

यात पोगाचारचा वाटा शून्य. त्याच्या संघाचाही शून्य, ते ५० हजार सोडले तर. हे बदलायला संघांनी बरेचदा हातपाय मारले. अलीकडचा प्रयत्न वनसायकलिंगचा, सौदी पैशावर नवी शर्यतमालिका काढायचा. जून २०२५ मध्ये यूसीआयने तो आहे त्या रूपात नाकारला.

ताळेबंद

@किलोमीटरचादगड, एक हरकत. एएसओ ताऱ्यावर कमावते असं म्हणणं थोडं ताणलेलं आहे. पोगाचार आला नाही तरी टूर विकली जाते, टीव्हीचे करार कित्येक वर्षांचे असतात. उलट एकच माणूस सगळं जिंकायला लागला की दुसऱ्या आठवड्यातच लोक चॅनेल बदलतात.

ताऱ्यावर खरोखर अवलंबून असतात ते लहान आयोजक. जीरो या इटलीच्या शर्यतीचंच बघा, ती आरसीएस या इटालियन कंपनीची. २०१८ ला इस्रायलमधून सुरू झालेल्या जीरोत टूर विजेत्या ख्रिस फ्रूमला आणायला मोठी रक्कम मोजल्याच्या बातम्या होत्या. टूरला अशी खुशामत करावी लागत नाही, तिथे स्वार आपणहून येतो.

किलोमीटरचादगड

मान्य. पण त्याच मुद्द्यावरून टूरनंतरच्या जत्रेचं सांगायला हवं, कारण ताऱ्याच्या हातात रोख पडते ती तिथे.

टूर रविवारी संपते आणि सोमवारी बेल्जियममधल्या आल्स्टला, नेदरलँड्समधल्या बॉक्समेरला गावातल्या गावात फेऱ्यांच्या शर्यती सुरू होतात. एकदीड किलोमीटरची फेरी, संध्याकाळची वेळ, बिअरचे तंबू. आयोजक ताऱ्याला हजेरीचे पैसे देतो, पिवळ्या जर्सीला सगळ्यात जास्त, आणि ते प्रायोजकांची टेबलं आणि बिअर विकून वसूल करतो. निकाल बहुतेक आधीच ठरलेला असतो. पिवळी जर्सी, स्थानिक लाडका आणि शेवटी वेगाने मुसंडी मारणारा एखादा स्प्रिंटर यांच्यात शेवटच्या फेरीत ठरल्याप्रमाणे चढाओढ. बघणाऱ्यांनाही हे ठाऊक असतं आणि कुणाचं काही बिघडत नाही. आपल्याकडच्या जत्रेतल्या कुस्तीत कधीकधी असतं तसंच. एएसओने हाच प्रकार २०१३ पासून जपानमधल्या साइतामात नेला.

हमीपत्र

एका धंद्याचं नाव अजून कुणी घेतलं नाही: विमा.

प्रायोजक किंवा संघ ताऱ्याला सांगतो, टूर जिंकलास तर अमुक लाख. ती रक्कम जवळ ठेवण्याऐवजी त्या शक्यतेचा विमा उतरवता येतो. गणित सोपं. समजा बोनस १० लाख युरोंचा आणि जिंकायची शक्यता विसात एक. विमेवाल्याचा अपेक्षित खर्च ५० हजार, त्यावर त्याचा नफा, म्हणजे हप्ता ७०-८० हजारांवर बसला तर संघाला परवडतो. पोगाचारसारख्याची शक्यता साठ टक्के धरली तर नुसता अपेक्षित खर्चच ६ लाख. त्यापेक्षा बोनस खिशातून दिलेला बरा. म्हणजे हा विमा उपयोगाचा तारा उगवण्याआधी, उगवल्यावर नाही.

यात काय बिघडतं ते अमेरिकी स्वार लान्स आर्मस्ट्राँगच्या प्रकरणात दिसलं. त्याचा संघ चालवणाऱ्या टेलविंड कंपनीने बोनसची जोखीम डॅलसच्या एससीए प्रमोशन्सवर टाकली होती. २००४ चा ५० लाख डॉलरचा बोनस द्यायची वेळ आली तेव्हा एससीएला उत्तेजकांचा संशय आला आणि तिने पैसे अडवले. करारात जिंकण्याची व्याख्या अधिकृत निकालावर बांधलेली होती, त्यामुळे २००६ मध्ये तिला व्याज आणि खर्चासह ७५ लाख डॉलर देऊन तडजोड करावी लागली. २०१२ मध्ये सगळी विजेतेपदं काढून घेतल्यावर ती परत लवादाकडे गेली, आणि २०१५ मध्ये लवादाने तिला १ कोटी डॉलर देववले.

प्रायोजकाची वसुली मात्र फारशी झाली नाही. त्याच्या संघाचा प्रायोजक असलेल्या अमेरिकी टपाल खात्याने २००० ते २००४ या काळात ३ कोटी डॉलरहून जास्त दिले होते. सरकारने आर्मस्ट्राँगवर लावलेला दावा २०१८ मध्ये ५० लाखांवर मिटला, आणि त्यातलेही ११ लाख माहिती देणारा म्हणून त्याचाच जुना सहकारी फ्लॉइड लँडिस याच्याकडे गेले. आर्मस्ट्राँगच्या बाजूचा युक्तिवाद होता की खात्याला तेव्हा प्रसिद्धीचा भरपूर फायदा मिळालेला आहे, मग नुकसान कसलं? प्रायोजकत्वात दिलेला पैसा मागे जाऊन मोजायचा कसा, हा पेच तिथे नीट सुटलाच नाही.

म्हणून आता करारात तीन गोष्टी बघायच्या: उत्तेजक सिद्ध झाल्यास पगार कोणत्या तारखेपासून थांबतो, दिलेला बोनस परत घ्यायचा हक्क आहे का, आणि प्रायोजकाला किती दिवसांत बाहेर पडता येतं.

मधलीकडी

सगळ्यांना धन्यवाद, हिशेब सुटा झाला. एक शेवटचं. जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर झाली, यूसीआयची शर्यत. उद्या आयोजकांकडे भरपूर पैसा आला तर हजेरीचे पैसे देऊन पोगाचारला बोर घाटाच्या बाजूला आणता येईल का?

चढउतार

या वर्गात नाही. पुण्याची शर्यत यूसीआयच्या २.२ या खालच्या श्रेणीची आहे, आणि त्या श्रेणीत वर्ल्डटूर संघांना उतरताच येत नाही. आधी वरची श्रेणी मिळवावी लागेल. त्यासाठी यूसीआयचं शुल्क वाढतं, बक्षिसांची किमान रक्कम वाढते, संघांची हॉटेलं आणि प्रवास आयोजकाच्या गळ्यात, आणि शर्यतीचं थेट प्रक्षेपण. थेट प्रक्षेपणाला हेलिकॉप्टर आणि मोटरसायकलवरचे कॅमेरे लागतात, खर्चाचा मोठा घास तोच. वरची श्रेणी मिळाली तरी तारीख त्याच्या वेळापत्रकात बसायला हवी. फेब्रुवारीत यूएई टूर असते. ती त्याच्या संघाची घरची शर्यत, आणि तिच्या आसपासचे आठवडे आधीच बांधलेले असतात.

हजेरीचे पैसे देऊन नुसता माणूस आणायचा असेल तर शर्यत नको, साइतामासारखा फेऱ्यांचा प्रदर्शनी कार्यक्रम हवा. एक संध्याकाळ, बंद रस्ता, ऑक्टोबर-नोव्हेंबर.

सुटाभाग

आणि मुंबई-पुणे शर्यतीतल्या "घाटाचा राजा" किताबाचा प्रायोजक कोण, हे त्याला आधी विचारून घ्या. जर्सीवर जागा शिल्लक नाही त्याच्या.